तीन पोट्टे

सौदा झाला तो धान सोसायटीच्या ओट्यावर.
साकोलीकडच्या मंडळानं दूधराम कापगते सोडला,
आम्ही तीन पोट्टे दिले.
लांजेवारांचा भुमेश, हातात घोरपडीची पकड.
टिकेश, उंच, अजून मिशी न फुटलेला.
आणि तिसरा
कोण द्यावा, कोण द्यावा म्हणता म्हणता
वहीत शेवटी होता तो, यादोराव.

"येणारी सालं विकली गा तुम्ही,"
झनक मास्तर म्हणाले.
मी म्हटलं, मास्तर,
मोह टपकायची वाट वेचणाऱ्यानं पाहावी.
आमच्या मंडळात बावीस वर्षं चषक नाही.

दूधराम आला.
गुडघ्याला क्रेप बँडेज, दम असा लांब
की त्याचं कबड्डी कबड्डी
तळ्याच्या पाळीवर आपटून परत येई.
लाखांदूरला एका चढाईत चार गडी!
चषक सरपंचाच्या कपाटात आहे,
चावी त्यांच्या जावयाकडे.

पुढच्या साली गुडघा सुजला.
पण भुमेशही तिकडं बाकावरच बसतो,
टिकेश नागपुरात वेल्डिंग करतो.
म्हणजे हिशेब माझा चुकला नाही.

फक्त यादोराव.
खेळायचा जेमतेमच.
मैदानावर फक्की मात्र तोच टाकायचा,
सुतळी न लावता,
उकिडवा, मागं सरत सरत,
सरळ रेघ.

परवा बोनसवरून भांडण पेटलं.
पंच म्हणे, रेघच वाकडी आहे तुमची.
रात्री मी वही काढली,
काय लिहावं सुचेना,
तारीख तेवढी टाकली.