मानस

लोटलीकर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या पाठीवर
एक चौकोन काढला, चौकोनाला दार.
म्हणाल्या, साखर अजून हद्दीत आहे, शाबलोबाब,
पण तिला हद्दीत ठेवायला
इन्शुलिनला किती धावावं लागतंय, ते बघा.
दार ठोठावतंय, ठोठावतंय,
आत ऐकू जात नाही.

मी म्हटलं, याचा छातीशी काय संबंध?
मी तर फेरीच्या धक्क्यावर लागणाऱ्या धापेसाठी आलो होतो.
त्या दुसरा चौकोन काढायला लागल्या
आणि तो पुरा व्हायच्या आत मला चोडण दिसलं.

आमच्या खाजनाला मानस होती.
बाबा तिचे राखणदार.
भरतीच्या रेट्यानं दारं आपोआप मिटायची,
ओहोटीला आपोआप उघडायची,
बाबा उकिडवे बसून नुसते ऐकायचे.
लाकूड लाकडाला कसं लागतं त्यावरून
सांगायचे, कालवं धरलीत.
"दार एका रात्रीत बिघडत नाही रे.
आधी जड होतं.
जड झालेलं कुणाला दिसत नाही,
शेत हिरवंच असतं तोवर."
मग एका वर्षी लोंब्या पोकळ,
आणि बांध आतून कुर्ल्यांनी पोखरलेला.

बाबा त्रेपन्नाव्या वर्षी गेले, त्याच बांधावर.
कंदील शेजारी जळत होता.
लोक म्हणाले, अचानक.
अचानक कसं?
तीन वर्षांत दोनदा
त्यांनी कंबरेचा करगोटा सैल केला होता.

डॉक्टरीणबाई टेप गुंडाळत म्हणाल्या,
गोळ्यांचं नंतर बघू. जेवलात की चाला.
चालत्या पायाचा स्नायू इन्शुलिनची वाट बघत बसत नाही,
दार स्वतःच लोटतो.
एवढ्या वाक्याचे तीनशे रुपये
मला स्वस्त वाटले.

आता पदेराचा भोंगा वाजला की
सुलक्षा दोनच पोया घेते, आणि माझ्याकडे बघत नाही.
चवथीच्या नेवऱ्यांवरून आमचं भांडण झालं,
ते मी हरलो.

रात्री जेवून बांधावर जातो.
मानस आता सिमेंटची, दारं मात्र लाकडाचीच.
टॉर्च विझवतो, बाबांसारखा उकिडवा बसतो,
पाणी वळायची वाट बघतो.

काल काहीतरी कुरकुरलं.
दार असेल.
की माझे गुडघे, उठताना?