कॉलरच्या आतली पट्टी

कोट नंबर चारशे बारा. काळा, लांब, लोकरीचा,
डाव्या बाहीला कसर लागलेली.
लीड्सच्या या गोदामात तेवीस वर्षं मी नाटकवाल्यांना कपडे भाड्याने देते
आणि परत आले की दुसऱ्यांचा घाम काढत बसते.
कॉलर उलटली की आत पट्ट्या,
ज्यांनी ज्यांनी अंगात घातला त्यांची नावं, एकाखाली एक.
सगळ्यात वरची: सी. ऑर्मरॉड.
टाका तिरपा, घट्ट. माझ्या मावशीचा.

स्कार्बरोला ती त्याला कपडे चढवायची, तो बाविशीचा असताना.
ग्रिम्स्बीचा पोरगा. बाप गोदीवर कॉड चिरायचा.
अंगाला वास नव्हता, पण क्लिफर्डला वाटायचं की आहे,
म्हणून लॅव्हेंडर इतकं ओतायचा
की प्रेमाच्या प्रवेशात नायिकेला शिंका यायच्या.
दर सोमवारी नवं नाटक. रात्री पाद्री, सकाळी खुन्याची तालीम.
एकदा पाद्र्याच्या तोंडी खुन्याचं वाक्य आलं
आणि बाप्तिस्म्याच्या बाळाची आई खरोखर किंचाळली.
मीटरमधलं शिलिंग संपलं की
पाठांतर पांघरुणात.

मग लंडन. तिथे त्याचा 'उ' काढून घेतला.
बसला तो बुस म्हणायचा, आमच्याकडचे सगळेच म्हणतात.
रोज अर्धा तास, दातांत बूच धरून,
गाव थुंकत राहिला.
वीस वर्षांनी टीव्हीवर उत्तरेकडचा हवालदार मिळाला
तेव्हा कंपनीने तोच 'उ' शिकवायला मास्तरीण ठेवली.
सरेची. तासाला तीन पौंड.
तो निमूट शिकला.
त्या रात्री आईला फोन केला
तर ती म्हणाली, कोण बोलतंय?

मधली वर्षं विंगेत गेली.
दोनशे अकरा प्रयोग एका मोठ्या नटाच्या आजारपणाची वाट बघत,
आणि मोठा नट घोड्यासारखा धडधाकट.
एका बुधवारी त्याची दाढ दुखली.
दुपारचा खेळ, निम्मं थिएटर रिकामं,
बाकी म्हाताऱ्या, मांडीवर चहाचे ट्रे.
क्लिफर्ड राजा झाला आणि मेला.
मावशी तिकीट काढून गेली होती.
सांगायची, शेवटच्या अंकात एकाही बशीचा आवाज नाही.
एवढंच सांगायची.
संध्याकाळपर्यंत दाढ बरी झाली.

सिनेमात त्याने एकोणीस माणसांना मृत ठरवलं.
डॉक्टर. बॅग खाली ठेवायची, मान हलवायची,
'माफ करा, उशीर झालाय.'
एका चित्रपटात कापाकापीनंतर त्याचा फक्त हात उरला,
हातमोज्यातला, बग्गीचं दार उघडणारा.
हाताचे पैसे मात्र पूर्ण आले,
त्यात क्रॉयडनच्या घराचं गळकं छप्पर शाकारलं.

सत्तरीत अचानक रस्त्यात पोरं ओळखायला लागली.
बिस्किटाच्या जाहिरातीतला आजोबा!
'बुडव, आजोबा, बुडव!'
राग आला असेल का, मला माहीत नाही.
जाहिरातीसाठी कोट त्याने हाच मागितला, नंबरासकट.
परत आला तेव्हा खिशाच्या शिवणीत चुरा होता.
मी झटकला नाही.

मार्चमध्ये गेला.
पेपरात तीन ओळी, त्यातली दीड बिस्किटावर.

आज ब्रॅडफर्डचा एक मुलगा कोट न्यायला येतोय,
झुबेर, पहिलंच काम, प्रेत वाहणाऱ्यांपैकी एक.
त्याची पट्टी शिवून ठेवायची तर कॉलरमध्ये जागाच नाही.
नियमाने सगळ्यात जुनी उसवायची.
कात्री घेतली. टाक्याखाली टोक जाईना, मावशीचा हातच तसला.
की मीच घातलं नाही.
झुबेरला आतल्या खिशावर लावला,
चुऱ्याच्या शेजारी.

छातीचं माप विचारायला फोन केला
तर मागे रहदारी, त्याला नीट ऐकू येईना.
म्हणाला, 'बुसमध्ये आहे, उशीर होईल जरा.'

होऊ दे.