साल

साल उतरवून झाली की उघड्या बुंध्यावर
पांढऱ्या रंगानं वर्षाचा शेवटचा आकडा लिहायचा.
यंदा पाच.
मग नऊ वर्षं कुणी हात लावायचा नाही.

ग्रांदुलाच्या उतारावरचं हे बुचाचं झाड माझं नव्हे, मालकाचं.
पण याच्याशी माझा हिशेब आहे.

नऊ लिहिलं तेव्हा मी एकोणीसचा होतो.
सकाळीच बापाशी वाजलं होतं
आणि राग कुऱ्हाडीच्या दांड्यातून उतरला.
आतल्या थराला आम्ही आई म्हणतो.
तिला पातं लागलं.
बाप ओरडला नाही. बोटानं जखम चाचपली,
"हात जड आहे तुझा, बेल्मिरो," म्हणाला
आणि पुढच्या झाडाकडे गेला.
ते मला लागलं, पण फार उशिरा लागलं.

आठ लिहिलं ते मी नाही.
त्या उन्हाळ्यात सकाळी सातलाच हात थरथरायचे.
मुकादमानं कुऱ्हाड काढून घेतली,
ट्रॅक्टरवर साली रचायला लावलं.
इदालिना मुलीला घेऊन सेतुबालला, बहिणीकडे.
रोज रात्री मी उद्यापासून दुसराच माणूस व्हायचो.

सातापर्यंत एवढंच जमलं:
गुत्त्यावरून न जाता दफनभूमीच्या बाजूनं घरी यायचं.
अर्धा कोस लांब पडतं.
चार वर्षं तेवढंच केलं.
चिडका तसाच, उधारी तशीच.
पण एका रविवारी इदालिना आली, सूप ढवळलं,
मीठ कमी आहे म्हणाली, आणि राहिली नाही.
पुढच्या रविवारी पुन्हा आली.

सहाच्या साली कंबर गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोहा.
शेहेचाळिसाव्या वर्षी, नगरपालिकेच्या तलावात,
सात-सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत
फळी धरून पाय मारायला शिकलो.
श्वास पाण्यात सोडायचा असतो, धरून ठेवायचा नसतो,
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
किंवा बापानं सांगितलं असेल, त्याच्या भाषेत.

आज भाची आली आहे लिस्बनहून, लिओनोर.
तिच्या मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, झोप मोजतं,
एकवीस दिवसांत माणूस घडतो म्हणतं.
मी हसलो नाही.
मी तीन दिवस मोजताना रडलेला माणूस आहे.
विचारलं, बाविसाव्या दिवशी काय सांगतं?
"पुन्हा एकपासून."
मग बरं आहे, म्हटलं.

तिला सांगितलं: पहिली साल पंचविशीत निघते,
तिचं बूच होत नाही. दुसरीचंही नाही.
तिसरी कुठे बाटलीत बसते.
"आणि आकडे उलटे का जातात, मामा? सात, सहा, पाच?"
नऊनऊनं मोजलं की तसंच होतं, पोरी.
घेर बघ की.
तिनं मिठी मारून बघितली. हात पोचले नाहीत.

जखमेपाशी साल अजून धड येत नाही.
तिथे मी पातं लावत नाही, वळसा घालतो.
बाकी बुंध्यावर पातं टेकवलं, मनगट जरा वळवलं,
आणि जुनं कापड फाटावं तशी
सुटत गेली.

पाच लिओनोरनं काढला. पोट जरा ओघळलं त्याचं.
चाराच्या वेळी मी चौसष्टचा असेन,
किंवा ब्रश तिच्याकडे असेल.

डब्याचं झाकण बसेना.
दगड घेतला,
हलकेच ठोकलं.