दोनशे चौदाव्या पानावरचा अंगठा

साखर पेठेतल्या त्या खोलीत
एप्रिलभर पंखा बंद होता म्हणे,
पानं उडू नयेत म्हणून.
सोलापूरचा एप्रिल, आणि पंखा बंद!
आभार मानायचे तर आधी त्या घामाचे,
जो दप्तराच्या एकाही रुमालावर सांडला नाही.

शकुंतला येमूल, तुम्ही मोडी सोडवलीत
सुताच्या गुंत्यासारखी,
टोक हाती लागेपर्यंत न ओढता.
इलाही नदाफ, तुम्ही कितीतरी पानं
दोनदा टिपलीत, मधेच वीज गेली म्हणून.
आणि मल्लिनाथ, तुमचं आडनाव कुठंच नाही.
किल्ल्या आणि चहा तुमच्याकडे होता,
एवढंच कळलं.

मी रंगाऱ्याची नात.
पडद्यावर वही उघडली : नीळ, हळद, उधारी,
आणि एका ओळीत नुसतं
[कसरीने खाल्लेले].
आमच्यात सांधा मागच्या अंगाला लपवतात,
गिऱ्हाइकाला दिसू नये.
तुम्ही तो समोर ठेवलात,
अंदाजानं कुणाचं नाव भरलं नाहीत.
तिथं माझ्या खापरपणज्याचं असतं
तर मला आवडलं असतं.
पण नाही म्हणजे नाही.

दोनशे चौदाव्या पानाच्या कोपऱ्यात
चुकून एक अंगठा आलाय,
तुटक्या नखाचा, पान दाबून धरलेला.
पुढच्या आवृत्तीत तेवढा काढू नका.
त्याला लागूनच कागदावर
निळीनं माखलेल्या बोटाचा ठसा आहे,
तेव्हाचा.
चित्र मोठं करत गेले, आणखी मोठं.
तव्यावर भाकरी करपली,
तरी बघत राहिले.