पोटशाखा

ब्लॅकबर्नच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
रेडिएटरला पाठ लावून
मी दर बुधवारी वंशावळ वाचते.
माझी नव्हे. जुन्या अरबांची,
शब्दाशब्दावर बोट ठेवत.
अमक्याचा तमका, तमक्याचा ढमका,
पानामागून पान बिन, बिन, बिन...
सासरे ज्या गिरणीत होते
तिथला धोटा असाच ठोकत असणार.

शिकवायला सुदानचे इद्रीससाहेब.
म्हणाले, टोळीच्या फांदीला 'बत्न' म्हणतात.
बत्न म्हणजे पोट.
मला हसू आलं. आमच्याकडेही पोटजात म्हणतात, सर.
पोट कुणाचं,
ते दोन्हीकडे कुणी विचारत नाही.

तरी लिहिणारा मधेच कुठे थांबतो
आणि एक ओळ घालतो:
'आणि त्याची आई कल्ब टोळीची, अमक्याची लेक.'
एकाच बापाचे दोन भाऊ.
एकासाठी मामा उंटांसकट धावून येतात,
दुसऱ्याच्या नावाशी एवढंच:
'त्याची आई उम्म वलद.'
लेकराची आई. विकत आणलेली,
लेकरू झालं म्हणून पुन्हा विकता न येणारी.
कुठल्या मुलखाची, माहेरी काय म्हणून हाक मारत?
शाई संपली नव्हती.
बोरू नुसता पुढे गेला.

जूनमध्ये नुझहतचं लग्न झालं.
रजिस्ट्रार मिसेस एंटविसल म्हणाल्या,
आईचं नाव, आईचा व्यवसाय?
माझ्या वेळी हा रकाना नव्हता.
माझ्या दाखल्यावर दोन बाप आहेत,
दोघेही गिरणी कामगार.
'एकवीस सालापासून आलाय,' त्या म्हणाल्या,
जशी नवी बस सुरू झाली असावी.
मी एकेक अक्षर सांगितलं, सावकाश,
त्यांना घाई होती तरी.
व्यवसाय: शाळेत मुलांना जेवण वाढणे.

घरी जिन्याखाली सासऱ्यांचा शजरा,
प्लायवूडवर डकवलेला.
सात पिढ्या, एकेचाळीस पुरुष,
सगळे जणू एकमेकांच्या बरगडीतून निघालेले.
दाभोळला त्यांच्या धाकट्या बहिणीला फोन लावला.
फुफू, तुमच्या आजीचं नाव काय हो?
तिकडे कोंबडी ओरडली. मग बराच वेळ काही नाही.
'नाव काय ठाव गो. सगली बाणकोटवालीच म्हनत.
भाकरी मात्र तिच्यावानी कोनाला जमली नाय.'

पेन्सिल घेतली. (पेन नको,
सासरे अजून रोज चष्मा लावून बघतात.)
तिच्या मुलाच्या नावाखाली बारीक लिहिलं:
आणि त्याची आई बाणकोटची,
आणि पुढे जागा सोडली.

नुझहत मागे उभी राहून वाचत होती.
अम्मी, एवढी मोठी जागा कशाला?
म्हटलं, काय सांगावं,
नाव लांबलचक असेल.