गुरुवारचा वाद

ग्रिम्सबीच्या वृद्धाश्रमात दर गुरुवारी जुंपते:
लढाईचा सगळ्यात थोर सिनेमा कोणता?
मर्डो पाणबुडीवाल्यावर अडून बसतो.
दोन तास नुसता घाम, शत्रू दिसतच नाही.
सिरिलला आता काहीच दिसत नाही. तो म्हणतो,
तोफा थांबल्यावर ज्यात माशी ऐकू येते, तो.
मर्डो काठी आपटतो.

"तू सांग, नर्स."

मी गोळ्या मोजता मोजता सांगते:
औंधच्या जत्रेत, तंबूत पाहिलेला.
पलटण पुलापाशी आली
आणि जनरेटर बंद पडला.
पैसे परत मिळाले नाहीत.
तेव्हापासून ती पोरं तिथंच आहेत,
पुलाच्या अलीकडे,
बिड्या ओढत.

"अर्धवट पाहिलेला धरत नाहीत," मर्डो म्हणतो.
सिरिल मात्र
कान लावून बसलाय.