प्रश्न नववा

कायदा असा आहे की
वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने चालले,
उघड, दिवसाढवळ्या, कुलूप न तोडता
आणि कुणाला न विचारता,
तर ती वाट त्यांची होते.
जमीन नाही, जमीन ज्याची त्याचीच.
फक्त वाट,
दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने
ब्लॅकबेरीच्या काट्यांत सरकावं एवढी.

न विचारता, हे महत्त्वाचं.
विचारलंत आणि मालक हो म्हणाला
की संपलं. ते त्याचं औदार्य, तुमचा हक्क नव्हे.
हे मी आठवड्यातून चारदा फोनवर समजावते
आणि दर वेळी पलीकडे जरा शांतता, मग:
"म्हणजे मालक भला असला तर आमचं नुकसान?"
हो. साधारण तसंच.

थॉर्नशॉच्या बंद गिरणीमागे
नव्या मालकाने मार्चमध्ये फाटक बसवलं,
हिरवं, देखणं, वर कॅमेरा.
एप्रिलअखेर माझ्या टेबलावर एक्केचाळीस अर्ज.
कुणी नकाशा मोजून मापून काढलाय,
कुणी नुसती एक रेघ, आणि शेजारी "इथे रस्टीला पुरलंय".
एका मुलीने लिहिलंय: शाळेला उशीर झाला तरच.
खाली, कंसात: रोज.
पोस्टमन गॉर्डन पिकल्स, सत्तावीस वर्षं, रविवार सोडून.
असा साक्षीदार मिळायला नशीब लागतं.

मग मिसेस हिल्डा थ्वेट, वय ऐंशी, निळी शाई.
अडुसष्ट सालापासून. आधी गिरणीच्या पाळीला,
मग नवऱ्याचा डबा घेऊन,
मग नवऱ्याच्या कबरीकडे.
प्रश्न नववा: तुम्हाला कधी कुणी परवानगी दिली होती का?
बाकी चाळीस जण "नाही" लिहून पुढे गेलेत.
यांनी चौकट भरून समासात उतरलंय अक्षर:
"जुने मालक विल्फ ॲकरॉइड कुंपणाशी भेटायचे.
टोपीला हात लावून म्हणायचे, सांभाळून जा.
एकदा फार बर्फ पडला तेव्हा त्यांनी वाटेवर राख टाकली होती.
हे लिहायचं असतं का, माहीत नाही.
पण खरं ते लिहा असं तुम्हीच छापलंय."

छापलंय. ठळक अक्षरांत, सहीच्या वर.

मालकाचा वकील बोट ठेवणार ते याच ओळीवर.
'जा' म्हणाले ना? मग झाली परवानगी.
राख टाकली? तो तर पाहुणचार.
सहा वाजता ऑफिसचं हीटिंग बंद होतं,
मी कोट घालून त्या दोन शब्दांसमोर बसले.
आमच्याकडे हे बसचा ड्रायव्हर म्हणतो,
दात काढल्यावर डॉक्टर म्हणतो.
माझे अब्बा दारात उभं राहून म्हणायचे, त्यांच्या भाषेत.
मी न विचारता घर सोडलं
त्या दिवशीसुद्धा म्हणाले.

परिच्छेद चौदा. "सदर उद्गार निरोपाचे असून
अनुमतीचे नाहीत, असे या कार्यालयाचे मत आहे."
कार्यालयाचे. म्हणजे माझं, आणि गार पडलेल्या रेडिएटरचं.
राखेबद्दल काय लिहावं ते सुचलं नाही.
राख तशीच ठेवली, परिशिष्ट तीनमध्ये.

समिती गुरुवारी बसते. सदस्य नऊ,
नागरिकाला बोलायला मिनिटं तीन.
मिसेस थ्वेटनी नाव नोंदवायला फोन केला,
विचारलं, फाटक बंद आहे तर टाउन हॉलला येऊ कुठून?
मी म्हटलं, हायवेने, बसने, वळसा पडेल.
आणि ठेवता ठेवता, सवयीने,
सांभाळून या.

त्या हसल्या. "ही परवानगी का?"

मी काही बोलले नाही.
सुनावणीआधी अधिकाऱ्याने साक्षीदाराशी
प्रकरणावर बोलायचं नसतं.
तोही नियमच आहे.